अक्का दम बघायची

अक्का,

काल तुझं गोडजेवण झालं. असोद्याहून सगळे आले होते. पंगत उठल्यावर मी काकांच्या हातावर पाणी घालत होतो, तेव्हा ते म्हणाले, "शांतपणे गेली रे पोर. असं मरण यायला नशीब लागतं." हातातला तांब्या त्यांच्या टाळक्यात हाणावा असं मला वाटलं. हाणला नाही. त्यांना पंचा दिला आणि पुढच्या माणसाच्या हातावर पाणी घातलं.

तू शांतपणे गेली नाहीस. तुला लाथेने मारलं. कापसाची सरकी काढायच्या जिनाच्या अंगणात, भर दिवसा, बायामाणसांच्या देखत मारलं. त्या लाथांनी तुझ्या डाव्या कुशीच्या फासळ्या मोडल्या आणि आतलं फुप्फुस फाटलं. नंतरचे दिवस तू एका बाजूच्या छातीवर काढलेस. हे सगळ्यात आधी लिहून टाकतो, कारण तुझा नियमच तसा होता. दिसलं ते आधी सांग, वाटलं ते नंतर.

या नियमावरून तू मला किती छळलंस! रविवारी शाळा नसली की मी तुझ्याबरोबर पेशंटांच्या घरी यायचो. एकट्या बाईने, त्यातून विधवेने, परक्या घरी जाऊ नये म्हणून मी सोबतीला, असं आईचं म्हणणं. घरातून बाहेर पडलो की तू विचारायचीस, "काय दिसलं?"

"बिचारी फार थकलीय."

"ते तुला वाटलं. दिसलं काय?"

"मानेच्या शिरा ताणल्यात. श्वास घेताना खांदे वर जातात. बोलताना मधेच थांबते."

"हां. कुठे थांबते? वाक्य संपल्यावर का शब्द अर्धा ठेवून?"

मला आठवायचं नाही. मग तू म्हणायचीस, "मास्तर, पोरांना नापास करता ना तुम्ही? मग आज तुम्ही नापास." आणि टांगेवाला हसायचा.

पण तुझं हे बघणं पुण्याच्या इस्पितळात सुरू झालं नाही. ते माझ्यावरच सुरू झालं.

मी लहान असताना मला दम्याचा झटका आला की घरात धावपळ उडायची. एका वर्षी झटका उतरेना, तेव्हा आबांनी डाग देणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावलं. त्याने चुलीत सळई तापवली. आबांनी माझे हात धरले, काकांनी डोकं दाबलं आणि तुला पाय धरायला सांगितले. तू परकरातली पोर. फासळ्यांच्या खाली, एक उजवीकडे आणि एक डावीकडे, अशी सळई टेकवली. कातडी जळाल्याचा वास मला आजही येतो. शाळेत शिपाई लाख वितळवायला लागला की मी वर्गाबाहेर जातो. त्या वेळी मी किंचाळलो. म्हातारा म्हणाला, "बघा, दम मोकळा झाला."

पुष्कळ वर्षांनी तू मला सांगितलंस की तू तेव्हा रडत नव्हतीस, बघत होतीस. "तू आधीपासून ओरडत होतास. सळई लागायच्या आधीपासून. ज्याला ओरडता येतं त्याच्याकडे ओरडण्यापुरता दम असतो. म्हणजे तू उतरणीला लागलाच होतास. म्हाताऱ्याने उगीच भाजलं तुला. भ्यायचं ते जो गप्प होतो त्याला."

पुढे तू माझी छाती तपासायचीस तेव्हा तुझे दोन्ही अंगठे बरोबर त्या दोन डागांवर ठेवायचीस. "आयत्या खुणा करून ठेवल्यात आबांनी," म्हणायचीस. मी श्वास घ्यायचो, अंगठे एकमेकांपासून लांब जायचे. तू बघायचीस, दोन्ही सारखे जातात का. जगात माझ्या त्या डागांना हात लावणारी तू एकटीच होतीस.

तुझं लग्न, भावजींची क्षयाने पोखरलेली छाती, तुझं परत येणं, हे सगळं मी इथे लिहीत नाही. एवढंच लिहितो, की तू नर्सिंग शिकायला जाते म्हणालीस तेव्हा तुझ्या दिराने तुला केस धरून ओट्यावरून खाली खेचलं होतं आणि तू तशाच सुजलेल्या तोंडाने गाडीत बसली होतीस. मी तुझी ट्रंक उचलून दिली. मी एवढंच केलं.

लढाई आली आणि तुला पुण्याच्या लष्करी इस्पितळात नेलं. तिथे छातीत गोळी लागलेले, फासळ्या चेंदलेले शिपाई यायचे. त्यांना श्वास शिकवणारी एक गोरी बाई होती. तिच्या हाताखाली तू राहिलीस. फिजिओथेरपी हा शब्द मी पहिल्यांदा तुझ्या तोंडून ऐकला. मला वाटलं मालिश असेल. तू चिडलीस. "मालिश नाही. आधी बघायचं, मग विचारायचं, मग हात लावायचा, मग वाजवायचं, मग ऐकायचं. आणि मग माणसाला त्याचाच श्वास परत शिकवायचा. तुमच्या व्याकरणापेक्षा अवघड आहे."

लढाई संपून तू जळगावला डॉक्टरांकडे लागलीस तेव्हा ते मी पाहिलं. पेशंट आला की तू नाडी बघतेस असं दाखवून त्याचं मनगट धरायचीस. नाडी बघून झाली तरी सोडायची नाहीस. तुझी नजर त्याच्या पोटावर असायची. कोणी श्वास मोजतंय हे कळलं की माणूस श्वास बदलतो, म्हणून ही चोरी. मग नखं बघायचीस, निळी आहेत का. मग पाठीवर एक हात सपाट ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने ठोकायचीस, कुंभाराकडे मडकं वाजवून बघतात तसं. कुठे पोकळ वाजतं, कुठे भरल्यासारखं. मग खोकून दाखवायला सांगायचीस आणि बेडका बघायचीस, तोंड वाकडं न करता.

आणि बायांना तुझा एक ठरलेला प्रश्न असायचा. "विहिरीवरून हंडा घेऊन निघाली की पहिल्यांदा कुठे टेकवतेस?"

"मारुतीच्या पारावर."

"मागच्या वर्षी?"

"मागच्या वर्षी कुठं टेकवू राहिले होते मी? सरळ घरीच आणत होते."

तुला कळायचं ते कळून जायचं. अशा हंड्यांच्या गोष्टींतूनच तुला जिन सापडला. कपाशीच्या दिवसांत येणाऱ्या बायांची तक्रार एकच होती. छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, आणि सुट्टीनंतर कामावर गेलं की त्या पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त. आठवडा सरता सरता हलकं होतं. सुट्टी झाली की पुन्हा दगड. डॉक्टर म्हणाले, सुट्टीला काहीबाही खात असतील. तू म्हणालीस, "सगळ्याच? सगळ्या एकच खातात?" आणि जिन बघायला निघालीस.

आत सरकी सुटी करणारे रेचे धडधडत होते आणि रुईची धूळ हवेत अशी भरली होती की समोरच्या बाईचं तोंड दिसत नव्हतं. बाया पदर नाकाला बांधून कापूस ओढत होत्या. ज्या बाईचा हात थांबे तिच्या पायावर मुकादमाची छडी बसे. नुसता सटका ऐकू यायचा, बाई ओरडायची नाही. ओरडण्याइतका दम तिच्याकडे नव्हता. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि आपण दोघं बाहेर आलो.

त्या दिवसापासून तू बायांना सांगायला लागलीस की निदान रुईच्या खोलीतून बाहेर अंगणात काम मागा. काहींनी मागितलं. आणि म्हणून मुकादमाने तुला बोलावणं धाडलं.

दगडू पहिलवान मूळचा धुळ्याकडचा. तरुणपणी जत्रांतून फड गाजवलेला. जिनात मुकादम झाला तरी त्याचे पठ्ठे त्याच्याभोवती असायचे, आणि त्याची मान अजून बैलासारखी होती. अंगणात रुईच्या गठाणी रचल्या होत्या. त्यातल्या एकीवर तो बसला होता. आजूबाजूला पठ्ठे, आणि कामावरच्या बाया मुद्दाम बोलावून उभ्या केलेल्या.

"ये बाई," तो म्हणाला. "तू बायास्ले सांगस, धूळमा दम जास म्हनीसन. मी कितलाक वरीस याच धूळमा शे. मना दम देख. आनि बठ्ठास्नी समोर सांग."

मी तुझ्या कानात म्हणालो, "अक्का, चल. हा तमाशा आहे." तू ऐकलं नाहीस. कोणी दम बघ म्हटलं की तुला नाही म्हणता येत नसे.

तू खुर्ची मागवलीस. समोर बसलीस आणि आधी त्याला कुस्तीबद्दलच विचारलंस. धुळ्याच्या फडात कोणाला चीत केलं, कोणता डाव टाकला. तो खुलला. बोलताना चार शब्दांनी थांबत होता, एक हात गठाणीला टेकून ठेवत होता. मला वाटलं, तो ऐटीत थांबतोय. तू त्याचं मनगट धरून बसली होतीस आणि तुझी नजर त्याच्या पोटावर होती.

मग तू त्याला अंगरखा काढायला सांगितलास. तो उठला, मांडीवर शड्डू ठोकला, आणि छाती फुगवून उभा राहिला. पठ्ठे वा वा म्हणाले. तू मागे जाऊन त्याच्या फासळ्यांवर दोन्ही हात ठेवलेस, अंगठे मणक्याशी. तो दचकला. एक पठ्ठा ओरडला, "पहिलवान, संभाळा! अक्काबाई पट काढू राहिली!" कुस्तीच्या डावाच्या त्या विनोदावर सगळे हसले. बायासुद्धा पदराआड हसल्या.

"छाती फुगवू नका, पहिलवान. सोडा."

"सोडीच तं शे."

"आता घ्या. परत सोडा."

तुझे अंगठे हलले नाहीत. मी समोर उभा राहून बघत होतो. ती एवढी मोठी छाती नगाऱ्यासारखी जागच्या जागी होती.

तुझी चूक झाली असेल तर ती इथे. पुण्यात शिपाई एकेकटे पडद्याआड तपासले जात. इथे तू फडात उभी होतीस आणि पहिलवानाचा दम फडातच जातो किंवा राहतो, हे तू विसरलीस. त्याने 'सगळ्यांसमोर सांग' म्हटलं आणि तू खरंच सांगितलंस. "छाती मोठी आहे, पण हलत नाही. फुगलेली ती तशीच राहिलीय. आत गेलेलं बाहेर येत नाही म्हणून नवं आत जात नाही. तुम्ही या बायांपेक्षा जास्त आजारी आहात, पहिलवान."

कोणीतरी हसलं. बाई होती की पठ्ठा, कळलं नाही.

त्याने वळून तुझ्या तोंडावर चपराक मारली. तू गठाणीच्या लोखंडी पट्टीवर आदळलीस आणि खाली पडलीस. मी पुढे झालो तर दोन पठ्ठ्यांनी मला धरलं. खरं तर एकाने पुरलं असतं. त्याने तुला लाथ मारली, डाव्या कुशीत. लाकूड मोडावं तसा आवाज आला. मग तो थांबला, तोंड उघडं टाकून. परत मारली. परत थांबला. तिसऱ्यांदा पाय उचलला, तो तुझ्यापर्यंत नीट पोचलाच नाही. तो वाकला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, ओठ शीळ घालताना करतात तसे केले, आणि तसाच राहिला. मानेच्या दोऱ्या बाहेर आल्या होत्या. गळ्याच्या खालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. पठ्ठे त्याला धरून सरळ उभं करायला धावले.

आणि तू जमिनीवर, तोंडातून रक्त येत असताना, त्याच्याकडे टक लावून बघत होतीस. तू म्हणालीस, "सरळ नका करू त्याले. वाकू द्या. बसू द्या पुढे वाकून." तुझ्या तोंडून असोद्याची बोली फार क्वचित यायची. मग तू मान वळवून मला शोधलंस.

"भाऊ, दिसलं का आता?"

दिसलं होतं, अक्का. त्या वेळी तो छाती दाखवत नव्हता, मारत होता. तेव्हा त्याचा खरा दम दिसला. त्या अवस्थेतही तुला त्याचं समाधान झालं होतं. ते मला वाटलं नाही, दिसलं. आणि त्याचा मला राग आला, तो अजून गेलेला नाही.

टांग्यात तू माझ्या मांडीवर डोकं ठेवलं नाहीस. टेकून बसलीस, मार लागलेल्या बाजूवर कललीस, ती बाजू हलू नये म्हणून. घरी आल्यावर मला म्हणालीस, "हात ठेव." मी तुझ्या फासळ्यांवर हात ठेवले, अंगठे मधे.

"काय दिसतं?"

"उजवा सरकतो. डावा जागेवरच आहे."

"बरोबर. ठोकून बघ. कसं वाजतं?"

"खाली मुकं वाजतं."

"रक्त साठलंय. डॉक्टरला बोलाव." आणि मग, हसायचा प्रयत्न करून, "आज पास झालास."

डॉक्टरांनी सुई घालून रक्त काढलं. बाटली भरली. तुला बरं वाटलं, आणि मग ताप चढला. त्या तापातच आपलं भांडण झालं. तेच आपलं शेवटचं बोलणं.

मी चौकीवर फिर्याद द्यायला निघालो होतो. तू पलंगाची कड धरून उठून बसलीस.

"आत्ता नको. त्याला आत घेतील, मारतील, आणि उताणा पाडतील. त्याचा दम उताणं पडून पुरणारा नाही. एका रात्रीत मरेल."

"मरू दे."

"तो माझा पेशंट आहे."

"त्याने तुला लाथा घातल्यात, अक्का!"

"पेशंट मारतात. पुण्याला एका शिपायाने माझा दात पाडला होता. श्वास कोंडला की माणूस समोर दिसेल त्याला मारतो. तूसुद्धा लहानपणी मला चावायचास." तू थांबलीस. चार शब्दांवर थांबायला लागली होतीस, मी मोजत होतो. "मी तपासलं, पण काय करायचं ते सांगायचं राहिलं. तपासून सांगितलं नाही तर ते तपासणं अर्धं. तू जा आणि त्याला सांग."

आणि तू सांगत गेलीस. उताणं झोपू नये. टेकून किंवा पुढे वाकून बसावं. श्वास घ्यायची घाई करू नये, सोडायला वेळ द्यावा. फुंकणीने चूल फुंकतात तसा ओठ आवळून, सावकाश. रुईच्या खोलीत पाऊल टाकू नये. पायांवर सूज आहे, ती डॉक्टरला दाखवावी. पायांची सूज! तू जमिनीवर पडलीस तेव्हा त्याचे पाय तुझ्या डोळ्यांसमोर होते. ज्या पायाने तुला मारलं त्याची सूज तू बघून ठेवलीस.

"जाशील ना?"

"नाही."

"भाऊ."

"मी तुझा भाऊ आहे. त्याचा निरोप्या नाही. त्याच्या छातीत खिळे ठोकायला जाईन म्हण, जातो."

"तू?" तू हसलीस आणि हसल्याने कळ येऊन विव्हळलीस. "तुझ्याने खडूसुद्धा मोडत नाही."

मी उठून बाहेर गेलो. परत आलो तेव्हा तू विव्हळत नव्हतीस. काही मागत नव्हतीस. आई म्हणाली, "बघ, आता आराम पडला." मला मात्र तू शिकवलेलं आठवलं, आणि मी डॉक्टरांकडे पळालो. भ्यायचं ते जो गप्प होतो त्याला. तू सकाळपर्यंत गप्प राहिलीस आणि गेलीस. मी 'जाईन' म्हणालो नाही.

आज सकाळी मी गेलो. काकांची काठी ओसरीवर होती, ती घेतली. चौकीच्या वाटेनेच जिन लागतो. मला आधी मारायचं होतं आणि मग फिर्याद द्यायची होती. तुझा निरोप माझ्या मनात नव्हता, हे तुला सांगायला हवं.

अंगणात पठ्ठे नव्हते. तुझ्या मरणाची बातमी आल्यापासून ते फिरकले नव्हते, असं नंतर कळलं. तो त्याच गठाणीवर बसला होता, कोपरं गुडघ्यांवर. मला पाहून उठला नाही.

"ये मास्तर. मी वाटच देखी राहिनू."

मी काठी उचलली.

"मार," तो म्हणाला. "पन जरासा... दम लेऊ दे."

मी मारली. खांद्यावर बसली. मला वाटलं होतं मारल्यावर काही तरी होईल. गठाणीवर काठी आपटल्यासारखा आवाज झाला, एवढंच. मी दुसऱ्यांदा मारली, तिसऱ्यांदा मारली; तो हात आडवा करत नव्हता. चौथ्यांदा काठी उचलली तेव्हा माझ्याच छातीत शिट्टी वाजायला लागली. ती धूळ, आणि तो राग. काठी पडली. मी वाकलो, हात गुडघ्यांवर टेकले. समोर तोही तसाच. दोघांची डोकी एकमेकांना लागतील इतकी जवळ. दोघांचे ओठ शीळ घातल्यासारखे.

कापूस ओढणारी एक म्हातारी बाई पाणी घेऊन आली. "घ्या. मारणारा कोन अन् मार खाणारा कोन, काही समजू नाही राहिलं. तांब्या एकच शे. भांडू नका."

आधी तो प्याला, मग मी. त्याच तांब्याने. ते तुला आवडलं असतं.

मग मी बघितलं, अक्का. न बघायचं ठरवूनही बघितलं. नखं निळी होती. पाय घोट्याच्या वरपर्यंत सुजलेले. बोटाने दाबलं तर खड्डा तसाच राहिला. मी त्याच्या मागे गेलो, अंगरखा वर केला आणि फासळ्यांवर हात ठेवले, अंगठे मणक्याशी. माझ्या काठीचे वळ तिथे उठायला लागले होते. म्हटलं, "सोडा." तो सोडत राहिला. म्हटलं, "घ्या." माझे अंगठे एकमेकांपासून सुटले, ज्वारीच्या दाण्याइतके. दोन्ही सारखे.

मी त्याला सगळं सांगितलं. उताणं झोपू नये. फुंकणी. रुईची खोली. सूज. एक शब्द माझा घातला नाही. तो ऐकत राहिला.

"हाई... बाईनी सांगेल शे?"

"हो."

"मरता मरता?"

"हो."

"तिले म्हना..." तो म्हणाला, आणि त्याचा श्वास तुटला. तो शब्द अर्धा ठेवून थांबला. मी उभा राहिलो. त्याने पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा तुटलं. शेवटी त्याने हात हलवला. ते वाक्य पुरं झालं नाही, त्यामुळे मी तुला ते सांगू शकत नाही. मला काय वाटलं ते सांगणार नाही.

"मी आता फिर्याद द्यायला चाललोय," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. "दे."

चौकीवर जमादार होता. त्याने माझं बोलणं लिहून घेतलं. त्याला आधीच कोणीतरी सांगून ठेवलं होतं की बाई जिनात पाय घसरून पडली. मी म्हणालो, मी तिथे होतो, मला दोघांनी धरलं होतं, आणि आज मीही त्याला काठीने मारलं आहे, तेही लिहा. जमादाराने वर पाहिलं. "तुम्ही? मास्तर, तुम्ही?" मग मी शेवटचं सांगितलं. आरोपीला दम लागतो. त्याला उताणं झोपवू नये. छातीवर दाब देऊ नये. टेकून बसू द्यावं.

जमादाराने टाक खाली ठेवला. "मास्तर, फिर्याद देऊ राहिले का दवा सांगू राहिले?"

"दोन्ही लिहा."

"असं कोणी लिहीत नाही."

"मी इथेच बसतो. लिहा."

त्याने टाक उचलला नाही. शेजारच्या कोठडीत कोणाला तरी पट्ट्याने मारत होते. फटका, मग ओरडणं, मग फटका. मी ऐकत होतो. ज्याला ओरडता येतं त्याच्याकडे दम असतो, असं मी स्वतःला सांगत होतो. थोड्या वेळाने तिकडचं ओरडणं थांबलं, फटके थांबले नाहीत. मी खुर्चीवरून उठलो. जमादारानेही तिकडे पाहिलं. त्याने हाक मारून पट्टा थांबवायला सांगितलं, टाक उचलला आणि मी म्हणत गेलो तसं लिहिलं. आरोपीला उताणं झोपवू नये. मी वाचून पाहिलं आणि सही केली.

दुपारी ते त्याला घेऊन गेले. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. दोन शिपाई, मधे तो. मारुतीच्या पाराशी तो थांबला. एका शिपायाने त्याला ढकललं. दुसऱ्याने ढकलू दिलं नाही; त्याला पारावर बसवलं, पुढे वाकवून. मग तिघे उठून पुढे गेले.

दिसलं ते एवढं, अक्का. वाटलं ते सांगायला बसलो की मधेच थांबावं लागतं, शब्द अर्धा ठेवून. तू असतीस तर माझे दोन डाग शोधून अंगठे ठेवले असतेस. आज ते मीच करून पाहिलं. स्वतःचे हात स्वतःच्या छातीवर. उजवा सरकतो. डावाही सरकतो.